मानेमागचे अडीच महिने

पल्लवी मॅडमनं मले नवी कैची देल्ली, पाकिटातली.
म्हणे, मारोतराव, तुमची नोको,
तिले गावभरचे केस लागले हायेत.
तीस वर्षांत पयल्यांदा
कोनी माया कैचीचा इतका इचार केला.

मानेच्या मागून घ्याचे, मुळाजवळून, इंचभर.
टोकाकडचे फेकून द्याचे, ते जुने.
इंचभर केस म्हंजे मानसाचे अडीच महिने, म्हणे.
म्हाल्याले हे काय सांगता मॅडम?
टायफाइड उतरला का तिसऱ्या महिन्यात
केस झडाले लागते,
बाळंतिणीचेबी तसेच.
कोनाच्या घरी काय होऊन गेलं
हे मले उशिरा समजते, पन समजते.

बावीस पाकिटं हैदराबादले गेले.
राखेच्या तलावाचा बांध तवाच दुसऱ्यांदा वाढवत होते.

कागद आले. हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्या.
शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम.
ग्रामपंचायतीच्या वट्ट्यावर मॅडम एकेक नाव वाचे
अन् लोकं निकालाले बसल्यासारखे बसले.

डोमाजी वाढईचं शिसं लालच्याबी पार.
बायको पदर तोंडाले लावून रडाले लागली.
मी हळूच म्हनलं, मॅडम,
हा शनवारच्या बाजारातून एक शिशी आनते,
रोज थोडी लावली का पांढरे केस हळूहळू काळे होते.
पोरीचं लगन जमवाचं हाय, पाहुने येतेत.
डोमाजीनं मायाकडे असं पाहलं का
पुढची हजामत तो दुसऱ्या गावात करन.
मॅडमनं पेन्सिलीनं लिवलं: 'रंग?'

सिंधूबाईचं आर्सेनिक.
ते हापशीच्या पान्यानं डोकं धुते,
ज्या पान्यानं बालटीले लाल थर धरते.
आता पोटातून केसात आलं का पान्यातून केसावर बसलं?
मॅडम म्हणे, केसावरून ते समजत नाई.
केसाले तोंड नसते, बाप्पा.

गुलाब नन्नावरे बांधावर सत्रा वर्सं राखेत हाय,
रातभर खोकलते,
अन् त्याच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या.
तो हसला. चहा सांगला सगळ्याइले.
मॅडम चहा हाती घेऊन उभीच राह्यली.
म्हणे, हिरवं म्हंजे नाई, असं नाई.
हिरवं म्हंजे केसात सापडलं नाई.
हे वाक्य गुलाबच्या कानापरेंत गेलं नाई
अन् मलेबी दुसऱ्यांदा सांगाचा धीर झाला नाई.

टकला ऋषी म्हणे, माह्यं काय?
तेवढेच हासलो.

सत्रा नंबरच्या पाकिटावर नाव नोतं.
मॅडमनं मायाकडे पाहलं.
मायी नात. पाचव्या महिन्यात मीच जावळ काढलं,
चिमूटभर पाकिटात टाकलं, कोनाले न सांगता.
शिसं. पट्टी लाल.

मंग मी, ज्यानं सकाळपासून
सगळ्याइच्या लालले कारन काढून देल्लं होतं,
मायं कारन धुंडाळाले लागलो.
रंग? पाच महिन्याच्या लेकराले?
हापशी? तिचं आंघोळीचं पानी टँकरचं.
काजळ, म्हनलं. काजळात असते शिसं.
सून म्हणे, मी लावतच नाई.
तुमीच नोको म्हनलं होतं.

मॅडम म्हणे, चिमूट लय लहान होती,
एवढ्याश्या केसावर मशीनबी चुकते,
यावरून काई धराचं नाई,
रक्त पाहा लागते. लेकराचं अन् आईचं.
त्याइचा आवाज रोजच्यासारखाच होता,
पन पेन्सिल टेकूनच राह्यली,
काई लिवलं नाई.

रिवाजापरमानं जावळ नदीत सोडतेत,
कनकीच्या दिव्यासंगं.
आमचं अजून कोनाड्यात हाय, फडक्यात बांधून.
सून म्हणे, राहू द्या,
त्या नदीले आनखी कायले.

मंगळवारी चंद्रपूरले जाचं हाय, पयल्या यस्टीनं.
लेकरू मांडीवर झोपलं हाय.
टाळूवर नवे केस येऊन राह्यले, बोट फिरवलं तं लागते,
तांदळाएवढे.
मी मोजतो. अर्धा महिना.